आदर्श उत्तर नसलेला प्रश्न

शेअर जीपमधून कुठल्याही गावात उतरलं, की इंगळे मॅडम आधी चहा सांगत आणि वेशीकडे बोट दाखवून चहावाल्यालाच विचारत, "काहो भाऊ, हे येस कोनं बांधली?" सोबतचा माणूस लाजून चूर होई. तो माणूस बहुतेक वेळा मीच असे.

दर्यापूरजवळच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या. सातवीच्या सामायिक परीक्षेचा पेपर काढणाऱ्या जिल्ह्याच्या समितीत आम्ही दोघंही होतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षी मॅडम हट्टालाच पेटल्या. चार गुणांचा एक प्रश्न मुलांच्या स्वतःच्या गावच्या इतिहासावर हवाच! समितीचे अध्यक्ष राऊत सर अगदी पुस्तकी बोलत. त्यांनी विचारलं, "मॅडम, आदर्श उत्तर काय छापायचं?"

"इतकी गावं हायेत सर, उत्तर एकच काहून पायजे?"

"मग खरं-खोटं तपासणाऱ्याला कळणार कसं?"

"ज्यानं सांगतलं त्याचं नाव पोरानं लिवावं. थापा मारल्या तं घरी जाऊन इचारीन नं मी!"

सर नाइलाजानं तयार झाले, पण अट घालून. तपासणीत गोंधळ झाला, तर पुढच्या वर्षीपासून प्रश्न बाद.

गोंधळ झालाच. अमरावतीच्या तपासणी केंद्रावर पेपर उघडले, तर एकाच गावच्या दोन मुलांनी एकाच वेशीचे दोन वेगवेगळे बांधणारे लिहिले होते, आणि दोघांनीही आपापल्या आजोबांचं नाव दिलं होतं.

"आता?" राऊत सरांनी विचारलं.

"दोघायलेबी पुरे गुण द्या. भांडन आजोबायचं हाय."

आम्ही सगळे हसलो, सर हसले नाहीत. त्यांनी गठ्ठ्यातला पुढचा पेपर ओढला आणि वाचता वाचता थांबले. पेपर त्यांच्याच गावचा निघाला. गावचं तळं बायांनी टोपल्यांनी माती वाहून खोदलं, असं एका मुलीनं लिहिलं होतं. सांगणाऱ्याचं नाव अनसूयाबाई राऊत; त्या स्वतःही त्या बायांमध्ये होत्या.

"हे तं माही माय हाय!" सरांची पुस्तकी भाषा पार उडाली. "मले कदीच नाई सांगतलं तिनं!"

"तुमी इचारलं कदी?" मॅडम म्हणाल्या.

सरांनी तिथंच घरी फोन लावला, तोही स्पीकरवर. "माय, तळ्याचं मले काहून नाई सांगतलं?"

"तुहा अभ्यास राहे नं बाप्पा. हे कुठी परीक्षेत येत होतं?"

मॅडम फोनवर वाकल्या. "आता येते परीक्षेत, मावशी!" त्यांचा चेहरा इतका फुलला होता, की मलाच भरून आलं.

मावशींना नीट ऐकू गेलं नसावं. मग राऊत सरच ओरडून म्हणाले, "येते माय, आता दरसाल येते!"