चादरीतली सहा मापं

बाहत्तरच्या दुष्काळाआधीची ही गोष्ट. नगरला मिशनच्या आवारात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. हे शाळेत शिकवायचे आणि शनिवारी पवित्र शास्त्राच्या नव्या भाषांतराचं काम करायचे. मसुदा वाचायचा, साध्या माणसाला कळेल का ते पाहायचं. त्या कामासाठी पुण्याहून एक बाई यायच्या. तोंडावर मी त्यांना बाई म्हणायचे, मनात मात्र 'ती'. तरुण, विधवा, शास्त्राची मूळ इब्री भाषा शिकलेली. एरवी ह्यांची दाढी व्हायची ती रविवारच्या उपासनेपुरती. आता शनिवारीही व्हायला लागली होती.

त्या शनिवारी दोघं अडले होते एका विधवा सुनेच्या गोष्टीत. सासूला जगवायला ही सून परक्या शेतात सरवा वेचते, म्हणजे कापणी झाल्यावर मागं पडलेली कणसं. शेताच्या मालकाचा तिच्यावर जीव जडतो आणि एका पहाटे तो तिच्या चादरीत सहा मापं सातू ओतून तिला सासूकडं धाडतो. पुढं लग्नही करतो. पण मूळ भाषेत नुसतं सहा आहे. सहा काय, ते लिहिलेलंच नाही. त्यांच्याकडचं मोठं माप धरलं तर ते ओझं गड्यालाही उचललं नसतं. लहान धरलं तर चार ओंजळी दाणे, आणि जीव जडलेला माणूस तेवढ्यावर कसा भागवेल? राहिलं मधलं.

ती म्हणाली, किलोत लिहू, पायली दर तालुक्याला वेगळी असते. हे म्हणाले, त्या काळच्या खळ्यावर किलो कुठून आणायचे? वाद चालला होता, पण तो संपावा असं दोघांनाही वाटत नव्हतं, एवढं मला दारातून दिसत होतं. मी ठेवलेला चहा तसाच निवून गेला.

शेवटी हे म्हणाले, "करूनच पाहू. मधलं माप आपल्या शिगेच्या पायलीएवढं धरू. बाईमाणसाला उचलतं का ते कळेल." मग माझ्याकडं न बघताच, "अगं, बाजरी आण. आणि एक चादर."

बाजरी माझ्या माहेरची, कोल्हारहून वडिलांनी वर्षाची म्हणून पाठवलेली. चादर आमच्या अंथरुणातली, सोलापुरी. मला वाटलं, चादर मीच धरायची आहे. पदर खोचून मी उभीसुद्धा राहिले. ह्यांनी चादरीची टोकं तिच्या हातात दिली.

पहिली पायली काठावर शीग येईतो भरून ओतताना हे म्हणाले, "लाभ."

आमच्या माहेरी धान्य मोजताना 'एक' म्हणत नाहीत. पहिलं माप लाभ, म्हणजे धान्याला बरकत येते, मग दोन, तीन. आम्ही ख्रिस्ती, तरी खळ्यावरचं हे सुटलं नव्हतं. ह्यांच्या घरी शेती नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्या वडिलांनी ह्यांना ते शिकवलं होतं, आणि माझं ऐकून सासूबाईही लाभच म्हणायच्या.

"लाभ म्हणजे? हे माप धरायचं नाही का?" तिनं विचारलं.

हे हरखून सांगू लागले, जसं काही ह्यांच्याच घरचं. ऐकून ती म्हणाली, "मग तिकडंही असंच असेल. खळ्यावर माप सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असणार. त्याचं नाव कशाला घेतील? नुसतं सहा म्हटलं की झालं."

हे पायली हातात धरून तिच्याकडं बघतच राहिले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खळ्यावर मापाचं नाव घेत नाहीत, हे मला कळत्या वयापासून ठाऊक होतं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

सहा झाल्या. गाठोडं बांधून ह्यांनी हात लावला आणि ते तिच्या डोक्यावर चढवलं. मी रोज नळावरून हंडे आणायचे. माझ्या हंड्याला ह्यांचा हात कधी लागला नव्हता. पडू दे, मी मनात म्हटलं, चांगली तोंडावर पडू दे. ती फाटकापर्यंत ताठ चालत गेली.

सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. "बाजरी आपली, चादर आपली," त्या मला म्हणाल्या, "आन् ही कुटं निघाली गं घिऊन?"

ती परत आली. गाठोडं उतरवायलाही हेच धावले. मग खुर्चीत बसून घाईघाईनं लिहू लागले.

"अहो, मलाही घाला," मी म्हणाले. "मीही उचलून दाखवते."

"कशाला? कळलं की आता." मानही वर केली नाही. "तेवढी बाजरी भरून ठेव."

मी पत्र्याचं पिंप ओसरीवरच ओढून आणलं आणि गाठोडं सोडलं. पायली शिगेनं भरली, पिंपात ओतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एक."

"अगं, लाभ म्हन," सासूबाई म्हणाल्या. "वर्साचं धान्य हाय ते."

"एक," मी पुन्हा म्हणाले.

ह्यांचा पेन थांबला. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं, त्या दिवशी पहिल्यांदाच. मी पायली पुन्हा भरली, पण दोन म्हणाले नाही. हे बघत होते तोवर भरली पायली तशीच हातात धरून उभी राहिले.