मोकळ्या पायांनी केदारखेड्याला

थंडी पडली की जालन्यातली माणसं हुरड्याला जातात. मी सायकलवर जाते, आणि वाटेत हुरडा मिळाला तर नाही म्हणत नाही. यंदा मात्र निघण्याआधी एक काम केलं. माउंटन बाईकचे क्लिपवाले पायडल काढून साधे चपटे पायडल बसवले.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. क्लिपवाल्या पायडलमध्ये बुटाच्या तळाची लोखंडी पट्टी खट्कन अडकते. पाय बांधल्यासारखा राहतो, चढावर जोर मिळतो, आणि सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला झटकावी लागते. चपट्या पायडलवर पाय नुसता ठेवायचा. वर बारीक पिना असतात, त्या बूट धरून ठेवतात. बस्स.

दाजींना, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला, हे बिलकुल पटलं नाही. सायकलचं वेड मला त्यांनीच लावलं, त्यामुळे मत द्यायचा हक्क त्यांचा.

“वैशाली, हे काय लेकराच्या सायकलीचे पायडल बसवून राह्यली तू? जोर कुठून येणार?”

प्रश्न जोराचा नव्हताच. गेल्या हिवाळ्यात केदारखेड्याजवळच्या गाडीवाटेवर मेंढ्यांच्या कळपाची कुत्री अंगावर आली, माझ्या क्लिपमध्ये चिखल बसलेला, पाय सुटेना, आणि मी सायकलसकट डाव्या कोपरावर आपटले. हाडात प्लेट बसवावी लागली. हात बरा झाला, पण डांबरी सोडून मातीत उतरायचं म्हटलं की मी मागे फिरायचे. सायकल गॅलरीत धूळ खात पडली. शेवटी बदनापूरच्या एका प्राध्यापकांना ती द्यायचं जवळपास ठरवलं, “रविवारी संध्याकाळी नक्की सांगते,” म्हटलं. त्याआधी एकदा त्याच वाटेवर जाऊन बघायचं होतं. जमलं तर सायकल राहील, नाही तर जाईल.

शनिवारी उजाडल्यावर दाजी आणि मी भोकरदन रोडला लागलो. तुम्हीही उजाडल्यावरच निघा, पहाटे ट्रकवाल्यांना आपण दिसत नाही. हवेत मस्त गारवा होता. क्लिपच्या बुटात तळाला लोखंड असल्यामुळे दर हिवाळ्यात माझी बोटं बधिर व्हायची. यंदा साधे कॅनव्हासचे बूट आणि आत सासऱ्यांचे जाडजूड लोकरीचे मोजे. पाय असे उबदार, की दाजींच्या थिजलेल्या बोटांची चौकशी मी दोनदा मुद्दाम केली.

सुख फार टिकलं नाही. पहिल्याच गतिरोधकावर जुन्या सवयीने दोन्ही पाय वर ओढले. क्लिप असती तर सायकलही वर आली असती. इथे पाय वर गेले, सायकल खालीच राहिली, आणि गरकन फिरलेल्या पायडलच्या पिना थेट नडगीत घुसल्या. क्लिपवरून चपट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रसाद मिळतो म्हणे. दाजी इतके हसले की त्यांना थांबावं लागलं. तेव्हा ते टाच झटकून ऐटीत उतरले, हेही सांगायला हवं.

राजूरला गरम पोहे, वर तर्री, दोन-दोन चहा. दोघांचं शंभरात भागलं. सायकल टेकवताना मी पुन्हा विनाकारण टाच झटकली, तर हॉटेलवाले काका म्हणाले, “पायाला मुंग्या आल्या का, ताई?”

एक सूचना: पंप आणि जास्तीची ट्यूब बरोबर घ्याच. वाटेवर पंक्चरवाले भरपूर आहेत, पण त्यांचा सगळा थाट मोटारसायकलींसाठी, आणि शेताच्या वाटांवर बाभळीचे काटे पसरलेले असतात. राजूरच्या पुढे चढावर दाजी सरळ निघून गेले. मी मागे धापा टाकत. जोराचं त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

मुक्काम केदारखेड्याला माझ्या मावशीकडे. तिने दारातच कपाळाला हात लावला. “अगं, मागच्या साली हात मोडून गेल्ती, आता पाय मोडायला आली का? आन् जावईबापू संगट! मंग तर बघायलाच नको.” असं म्हणत तिने हुरडा पुढे केला, लसणाची चटणी, दही, आणि “अजून घे” हे वाक्य झोपेपर्यंत. या सगळ्याचा दर मी सांगू शकत नाही, तुम्हाला तुमची मावशी शोधावी लागेल.

रविवारी सकाळी आम्ही त्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी, पुढे हिरवा गहू. गव्हाला पाणी चालू होतं, दांड फुटून ते वाटेवर आलेलं, आणि काळ्या मातीचा चिकट राडा झालेला. शेजारच्या वावरात मेंढ्या बसवल्या होत्या. हिवाळ्यात वावरं मोकळी झाली की इकडे शेतकरी मेंढपाळांना बोलावून घेतात. कळप रात्रभर वावरात बसतो आणि जमिनीला खत मिळतं. कळप आला म्हणजे कुत्री आलीच. मला हे सगळं माहीत होतं, तरी मी दोन्ही ब्रेक दाबूनच चालले होते.

भुंकणं ऐकू आलं आणि दोन कुत्री कपाशीतून सुसाट निघाली. माझी टाच सवयीने झटकली गेली, काही गरज नसताना. दुसऱ्या क्षणी पाय चिखलात होता. मग दुसरा. मी दोन्ही पायांवर उभी होते! कुत्री चार हात अंतरावर येऊन थांबली आणि नुसतीच भुंकत राहिली.

तेवढ्यात मागून दाजी ओरडले, “वैशू, हलू नको! पाय न्हाई निघून राह्यला!” आणि ते सायकलसकट माझ्यावर कलले. त्यांनी माझा खांदा धरला आणि माझ्या डाव्या हाताने, प्लेट बसवलेल्याच हाताने, त्यांचा दंड पकडला. मी वाकले, पण पडले नाही.

मेंढ्यांमागच्या बाईंनी हाक मारताच कुत्री शेपूट हलवत माघारी गेली. बाई जवळ आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. “मागच्या साली पडल्या त्या बाई तुम्हीच ना? कुत्रं पळत्याच्या मागं लागतंय बाई. उभं राह्यलं की गप बसतंय.”

“ते मला तेव्हाही माहीत होतं हो. उभंच राहता येत नव्हतं.”

त्यांनी माझ्या खांद्याला लोंबकळलेल्या दाजींकडे पाहिलं. “आन् ह्यांना?”

“ह्यांना अजून येत न्हाई,” मी म्हटलं. मग बाई हसल्या, मी हसले, आणि बूट पायडलमध्येच सोडून मोजांवर चिखलात उतरलेले दाजीही हसले.

उरलेली वाट मी सायकलवरूनच पार केली. दोनदा पाय घसरला, दोनदा टेकवला, पुन्हा ठेवला. भीती गेली म्हणाल तर नाही गेली. पण फार फार आनंद झाला, मोठ्याने गावंसं वाटलं.

घरी आल्यावर नडग्यांना हळद लावली आणि बदनापूरला फोन केला. “सर, माफ करा, सायकल देत नाहीये.” प्राध्यापक थोडे हिरमुसले. क्लिपवाले पायडल हवेत का, विचारलं तर ते लगेच हो म्हणाले.

फोन ठेवते तोच बेल वाजली. दारात दाजी, सायकल घेऊन, पाय अजून चिखलाचे. “पाना दे जरा,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “हा क्लिपवाला डावा पायडल जाम झाला. निघूनच न्हाई राह्यला.”

डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, नेहमीसारखा फिरवला तर आणखी घट्ट बसतो. मी त्यांना सायकल घट्ट धरायला सांगितली, पाना डाव्या हातात घेतला आणि जोर लावला. पायडल सुटला.