बुटक्या पायऱ्यांचा गवंडी

आमच्या मेव्हण्याइतका पक्का गवंडी अख्ख्या मोगलाईत दुसरा नव्हता, आणि त्याच्याइतका कामावरून पळणाराही दुसरा नव्हता. हे मी त्याच्या तोंडावर म्हणायचो. आता तो नाही म्हणून वाढवून सांगतोय असं कुणी समजू नये. मला लिहायची सवय नाही. चार बुकं शिकलो, तीही छडीच्या धाकानं. पण बायको गेली, वर्षाच्या आत तिचा हा धाकटा भाऊ गेला, आणि त्याच्याबद्दल खरं सांगणारा मीच एक उरलो. लिंबागणेशच्या आसपास कुणालाही विचारा. त्यानं बांधलेली भिंत दाखवील, आणि ती किती दिवस अर्धी पडून होती तेही न विचारता सांगेल.

त्याच्या पायाला भिंगरी होती आणि दोष तो चुन्याला द्यायचा. त्या काळी भट्टीचा चुना खड्ड्यात भिजत घालायचा, पंधरा-पंधरा दिवस मुरू द्यायचा, मग बैलाच्या घाणीत दळून मळायचा. तेवढे दिवस बाकीचे गवंडी सावलीला बसून विड्या ओढायचे. हा चुना भिजवला की घोंगडी खांद्यावर टाकून बालाघाटाच्या डोंगरात. "चुना मुरतोय तवर म्या कावून सडू?" असं म्हणायचा. कमरेला ओळंबा कायम. भिंत सरळ उभी राहते का ते त्या दोरीच्या वजनानं बघायचं, हे गवंड्याचं काम. पण हा त्याच दोरीनं कड्याखाली मधाचं पोळं सोडायचा, डोहाची खोली मोजायचा, आणि एकदा तर त्यानं चुकार शेळी बांधून आणली. कचेरीची भिंत अर्धी असताना असाच ओळंब्यासकट गेला. नऊ दिवस सगळे मजूर हातावर हात ठेवून बसले. तहसीलदार हैदराबादकडचे, ते उर्दूतून असे तापले की शिपाई दाराबाहेर जाऊन उभा राहिला. दहाव्या दिवशी आमचा गडी उगवला आणि पळसाच्या पानातलं मधाचं पोळं त्यानं साहेबांच्या मेजावर, कागदांवरच ठेवलं. म्हणाला, हुजूर, चुन्यानंच लई वेळ घेतला. साहेबांनी एक बोट बुडवलं, मग दुसरं बुडवलं. चौकशीचे कागद असे चिकटले की पुन्हा सुटले नाहीत.

घरं बांधणारा हा माणूस घरात झोपत नसे. छपराखाली निजलं की छातीवर कुणी बसल्यागत होतं म्हणायचा. आमच्याकडे आला की माझी बायको त्याचं अंथरूण अंगणात टाकायची, आणि सकाळी ते तिथं कधी नसायचं. घोंगडी घेऊन तो बांधावर, नाहीतर कडब्याच्या गंजीवर. एका पाटलाचं घर बांधताना त्यानं दार रस्त्याकडं न ठेवता डोंगराकडं ठेवलं. पाटील बाहेरगावी होते, आले तर स्वतःच्याच घराला वळसा घालून आत जायची पाळी. ते खवळले तेव्हा यानं शांतपणे समजावलं की रस्त्यानं कचेरीचा शिपाई येतो आणि डोंगरावरून वारा येतो, दार कुणाला उघडायचं ते तुमीच ठरवा. पाटलांनी दार बदललं नाही. उन्हाळ्यात त्याच दारात बाज टाकून घोरायचे.

हे सगळं हसण्यावारी गेलं. एकदाच गेलं नाही.

माझी बायको डाव्या पायानं लंगडी होती. लहानपणी यानंच तिला मोहोळ दाखवायला डोंगरात नेलं आणि ती दरडीवरून पडली. त्याबद्दल दोघं बहीणभाऊ कधी बोलले नाहीत. लग्न ठरतानाच मला तिचा पाय माहीत होता. मी हो म्हणालो होतो. पण आमच्यात आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात, आणि ती सुनेनं स्वतः पाण्यावरून आणायची असते. गावची विहीर उंच पायऱ्यांची. लग्नानंतरच्या दुसऱ्या आखितीला ती घागर घेऊन पडली, घागर फुटली. माझी आई म्हणाली, पितर तहानलेले गेले. पुढच्या आखितीला घागर आली नाही तर घाटनांदूरची मुलगी बघून ठेवलीय, दुसरी सून करू. मी काय म्हणालो? काही नाही. नाही म्हणालो नाही, हे आज लिहून ठेवतो.

घरामागं मी नवी विहीर खोदली होती, पाणी लागलं होतं, आत उतरायला पायऱ्या नव्हत्या. मेव्हण्याला निरोप धाडला. तो आला, उतरण बघितली, चुना भिजवला आणि गेला. पंधरा दिवस झाले, वीस झाले. बायको म्हणायची, येईल. मग गुराख्यांनी बातमी आणली की तुमचा पाव्हणा येडा झालाय. भोपळ्यातलं प्यायचं पाणी दगडावर ओततोय आणि ओल्या दगडावर एका पायावर नाचतोय. गाव हसलं. माझं डोकं फिरलं. मी आष्टीकडचा एक गवंडी आणला, मेव्हण्याचा मुरलेला चुना त्याला दिला, आणि त्यानं चार दिवसांत चांगल्या वीतभर उंचीच्या, घासून गुळगुळीत केलेल्या पायऱ्या बांधून दिल्या. आईसुद्धा बघून गेली. बायकोनं त्या पायऱ्या बघितल्या आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली. 

आखितीला आठ दिवस राहिले तेव्हा हा आला. मागं उसनी बैलगाडी, गाडीत दगड. काळे, जाळीदार, खरबरीत दगड, मधमाश्यांनी पोखरल्यासारखे. खाली उतरायच्या आधी त्यानं खड्डा बघितला.

"माझा चुना कुणी उपसला?"

मी सांगितलं. त्यानं आमच्या परसातली घागर भरून डोक्यावर घेतली, डावा पाय वाकडा केला, अगदी तिच्यासारखा, आणि त्या नव्या पायऱ्या चढायला लागला. तिसऱ्या पायरीवर सपशेल आडवा झाला. घागर विहिरीत. मला हसू आलं, आणि मग आलं नाही. डोंगरात तो हेच करत होता. ओला झाला तरी पाय धरून ठेवणारा दगड शोधत होता, तिच्या पायानं.

त्यानं पहार उचलली आणि आष्टीच्या गवंड्याची पहिली पायरी उखडली. मी ओरडलो, आठ दिवसांत काय बांधणार बे तू, चुना कुठाय? तो म्हणाला, चुना लबाड दगडाला लागतो, हे एकमेकाला धरून बसत्यात. मी आणखी काहीतरी बोललो, आईनं त्या पायऱ्या पसंत केल्यात म्हणालो. तेव्हा तो थांबला.

"दाजी, तुमाला घाटनांदूरला जायाचंय का न्हाई, येवढंच सांगा. जायाचं असलं तर म्या आक्काला संगं घिऊन जातो."

मी दुसरी पहार आणली. त्या आठ दिवसांत आम्ही उतरण लांब करून घेतली आणि चार बोटं उंचीच्या पायऱ्या बसवल्या, एकही थेंब चुन्याचा नाही. तो दगडाला दगड लावायचा, ऐकायचा, काढायचा, फिरवून परत लावायचा. आठ दिवस तो डोंगराकडं गेला नाही. तेवढं त्याला जड गेलं, हातात काही नसलं की विहिरीभोवती फेऱ्या मारायचा.

आखितीच्या सकाळी आई काठावर उभी. बायको उतरली, घागर भरली, आणि चढायला लागली. भाऊ बघायला थांबला नाही. बांधावरच्या बाभळीपाशी जाऊन काड्या मोडत बसला. ती वर आली. पदर भिजला नव्हता. आईला खरं वाटेना, ती स्वतः उतरायला गेली आणि पहिल्याच पायरीला ठेचकाळली. "ह्या पायऱ्या हायत का भाकरी थापल्यात?" असं म्हणत, मला धरून वर आली. मग तिनं सुनेच्या डोक्यावरची घागर स्वतःच्या हातानं उतरवून घेतली. घाटनांदूरचं नाव पुन्हा निघालं नाही. मी बाभळीकडं बघितलं तर गडी डोंगराच्या वाटेला लागला होता. जेवायलाही थांबला नाही.

बायको गेल्यावर तो आला, दहावं होईपर्यंत राहिला, आणि त्या उन्हाळ्यात डोंगरात गेला तो आलाच नाही. गुराख्यांना एका खडकाला टेकलेला सापडला. त्याला शोधायला मीही गेलो होतो. मला आता घरात बसवत नाही, त्याला बसवत नसे तसं.

गावातला जो तो त्या पायऱ्यांवर अडखळतो आणि बांधणाऱ्याला शिव्या देतो. मुलं म्हणतात, फोडून नीट करू. मी करू देत नाही. मेव्हणा यायचा तेव्हा त्या खाली न बघता उतरायचा, बोलत बोलत, तिच्या पायाचं माप त्याच्या अंगात मुरलेलं. मी तिच्याबरोबर चाळीस वर्षं राहिलो. रोज सकाळी पाण्याला उतरतो, आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीला माझा पाय अजून चुकतो.