कोपऱ्यातलं बटन

शालूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या ऑफिसात, एका बटनाचा रंग ठरवायच्या मीटिंगमध्ये बसलो होतो. पांढुर्ण्याहून भाऊजी बोलत होते, "मिलिंद, ताई गेली रे… चहा ठेवला होता, तिथंच बसली." लॅपटॉप तसाच उघडा टाकून मी उठलो.

शालूताई माझी चुलत बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. बाजाराजवळ तिचं ऑनलाइन सेंटर होतं. दाखले, फॉर्म, झेरॉक्स. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून गर्दी वाढली होती, तरी दुपारच्या निवांत तासात ती वेबसाइट बनवायला शिकली. कोड लिहून नाही. माऊसनं चौकटी उचलून पडद्यावर मांडायच्या, एकीतून दुसरीत रेघ ओढायची, मागचं सगळं ते टूलच सांभाळतं. मी कोड लिहून पोट भरणारा, मला तो पोरखेळ वाटायचा. "काय चाललंय, ताई?" विचारलं की म्हणायची, "काही नाही, डबे सरकवून राहिली." मी हसायचो. तीही हसायची, हे आता जास्त लागतं.

त्या डब्यांतून तिनं संत्र्याच्या तोडणीला जाणाऱ्या बायांसाठी एक पान तयार केलं. उद्या कोणाची बाग, गाडी कुठून सुटणार, हे संध्याकाळी मोबाईलवर दिसायचं. जिला जायचं तिनं 'येतो' हे बटन दाबायचं, की गाडीत जागा पक्की. आमच्याकडे बायाही 'येतो'च म्हणतात. त्याआधी मुकादमाच्या दारात ताटकळावं लागायचं आणि काम त्याच्या मर्जीतल्यांनाच मिळायचं. पान छानच होतं, फक्त ते बटन… डावीकडे पार वरच्या कोपऱ्यात, आणि खाली अर्धा पडदा मोकळा. मी म्हटलं, "याला असं रुसवून का बसवलंस? बटन खाली असतं, अंगठ्याजवळ."

"राहू दे न बाबू तिथंच," ती म्हणाली. "एखाद्या दिवशी बागेत ये, मंग सांगतो."

येतो म्हटलं. गेलो नाही. जवळच्या सौंसरला लग्नं जेवून परस्पर नागपूरला परतत राहिलो.

जलदान विधी झाल्यावर भाऊजींनी तिच्या पासवर्डचा कागद माझ्या हातात दिला. "तू पाह्य आता. तोडणी चालू आहे." मी सेंटरवर जाऊन तिच्या खुर्चीत बसलो. तिच्यासाठी काहीतरी चांगलं करावं म्हणून आधी ते बटन ओढून खाली मधोमध आणलं. मनात म्हटलं, बघ ताई, किती शोभतंय.

चौथ्या दिवशी सावरगावच्या बेबीबाई सेंटरच्या पायरीवर येऊन बसल्या. तीन दिवस गाडी त्यांना न घेताच गेली होती. आवाजात तक्रार नव्हती. "ताई गेली, आता आपल्याले कोन इचारते, असं वाटलं," एवढंच म्हणाल्या आणि मोबाईल पुढे केला. काच खालून तडकलेली. बोट दाबलं तर लागायचं ते फक्त वर, डाव्या कोपऱ्यात.

"ताईनं इथंच माह्यं बोट धरून पाह्यलं होतं, कुठं लागते अन् कुठं नाही," बेबीबाई म्हणाल्या. "मंग तिथं ठेवलं."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी कॉम्प्युटरकडे वळलो. त्या टूलमध्ये प्रत्येक चौकटीला नाव देता येतं आणि सगळ्या नावांची यादी बाजूला असते. पोरखेळाची यादी कशाला बघायची, म्हणून मी ती उघडलीच नव्हती. आता उघडली. बाग, गाडी, वेळ… आणि बटनासमोर ताईनं लिहिलं होतं, 'बेबीबाई'.

मी ते उचलून पुन्हा वरच्या कोपऱ्यात ठेवलं. बेबीबाईंनी तिथल्या तिथं दाबून पाहिलं. उद्याच्या गाडीच्या यादीत त्यांचं नाव आलं. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि "बरं झालं," म्हणून निघून गेल्या.

भाऊजी सेंटर बंद करायला आले, तेव्हा मी अजून खुर्चीतच होतो. उद्याच्या गाडीच्या यादीत बेबीबाईंच्या खाली मी माझं नाव लिहिलं आणि कोपऱ्यातलं 'येतो' दाबलं.