गळ्यातला भुंगेरा

त्याचं नाव घ्यायची माझी इच्छा नाही. पोंभुर्ण्याच्या बाजारात डिंकाचा व्यापार करतो. गळ्यातल्या सोन्याच्या साखळीत मधाच्या रंगाचा खडा, आणि खड्याच्या आत इवलासा भुंगेरा. गिऱ्हाईक आलं की तो खडा सदऱ्यावर घासून उजेडात धरतो. "अंबर हाये हे. करोडो वर्सांआधीचा डिंक. किड्याचे पाय पाहा, जसेच्या तसे."

परवा लाडवांसाठी डिंक घ्यायला गेलो, तर जंगलातून डिंक वेचून आणलेली एक बाई समोर बसली होती. तिच्या टोपलीतला मोठा गोळा उचलून त्याने बाजूला टाकला.

"यात किडा अडकला हाये, बाई. कचऱ्याचे पैसे नाई भेटत."

माझं डोकं फिरलं.

"अन् तुमच्या गळ्यात काय हाये?"

"तो जुना हाये ना, भाऊ," तो हसत म्हणाला.

बाई मिळाले तेवढे पैसे घेऊन गेली. मग त्याने मला डिंक तोलून दिला, एक नंबरचा माल म्हणून, एक नंबरच्या भावाने.

घरी येऊन पिशवी परातीत ओतली. तळाशी बाईचा तोच गोळा होता, किड्यासकट.