कातड्याचे जोडे

बाईंचं संशोधन सांगायला अगदी सोपं आहे. मेंदूतली पेशी रोज कचरा करते आणि रोज आपला आपण उपसते. काही माणसांत हे उपसणं मंदावतं. कचरा वाटेतच अडकतो, पेशी गुदमरून मरते, आणि माणूस एकेक गोष्ट विसरत जातो. तो कचरा का अडकतो, एवढ्या एकाच प्रश्नामागे बाईंनी अर्धं आयुष्य घालवलं. लग्न राहिलं, घर राहिलं. त्यांच्या स्वतःच्या खोलीत कचऱ्याची पिशवी दाराशी तीनतीन दिवस पडून असायची, ते सोडा.

आणि नेमका तोच आजार त्यांच्या आईला झाला. तुम्हाला वाटेल, आता तरी लेक घरी येईल. आली की! हातमोजे आणि गोल पात्याचं हत्यार घेऊन आली. आई भावाकडे असायची. बाईंनी संमतीच्या कागदावर भावाची सही घेतली, आईच्या हाताची कातडी बधिर केली आणि मसुराएवढा तुकडा कापून घेतला.

"दुखेल का गं?" आईने विचारलं होतं.

"चिमट्याएवढं. टाके काढायला मीच येईन."

टाके काढायला आईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं ते भावजयीने. त्या रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "आईसाठी आपल्या कातड्याचे जोडे केले तरी ऋण फिटत नाही म्हणतात. ताईंनी आईच्याच कातड्याचे जोडे केले नि स्वतः घातले." नवरा म्हणाला, "हळू बोल." तो आयुष्यभर एवढंच म्हणत आला होता.

कातडीच्या पेशींना औषधं देऊन मेंदूच्या पेशी बनवता येतात; बाईंनी त्या तुकड्यातून तशा आईच्या मेंदूच्या पेशी वाढवल्या. काचेच्या बशीत, उबदार कपाटात, तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या. दिवसाआड त्यांच्यावरचं पोषक पाणी बदलायचं असतं. प्रयोगशाळेत त्याला सगळे 'खायला घालणं'च म्हणतात. सहकारी म्हणायच्या, "बाई, आम्ही घालतो की, तुम्ही जाऊन या घरी." पण बाईंचा कुणावर भरवसा नव्हता. खरं सांगू? बशीतली आई बरी होती. ती तोच प्रश्न दहादा विचारत नव्हती, रडत नव्हती, अंथरूण ओलं करत नव्हती.

एका सकाळी भावजयीचा फोन आला. "ताई, आज त्या तुमचं नाव घेतायत. सारख्या दाराकडे बघतायत. उद्याचं काही मला सांगता येणार नाही. आजच या."

"अगं, पेशी ऐन भरात आहेत. खायला घालायचंय, फोटो घ्यायचेत. आठवड्याभरात येतेच."

"खायला तर आम्हीही घालतोय हो," भावजय म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्याच आठवड्यात बाईंना हवं ते दिसलं. नवं औषध घातल्यावर आईच्या पेशींतला अडकलेला कचरा हलला! बाई खुर्चीतून उठून लहान पोरीसारख्या हसल्या. ही बातमी आईलाच आधी सांगायची म्हणून तडक घरी निघाल्या. वरातीमागून घोडं.

आई खिडकीपाशी बसली होती. भावजय तिला चमच्याने भरवत होती.

"आई, मी आलेय."

आईने परक्या माणसासमोर सारखे करावेत तसे केस सारखे केले. "बसा ना," ती अदबीने म्हणाली.

बाई बसल्या. त्यांनी आईचा हात हातात घेतला. अंगठा बरोबर त्या गोल पांढऱ्या वणावर पडला. आईने झटका देऊन हात ओढून घेतला.

"एक बाई आली होती," ती भावजयीकडे वळून तक्रार करू लागली, "गोडगोड बोलली नि चिमटा काढून गेली. परत येते म्हणाली. आलीच नाही मेली!"

सगळं पुसलं गेलं होतं, एवढंच राहिलं होतं. भावजयीला आता काय वाटेल ते बोलता आलं असतं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. तिने नणंदेकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हातारीच्या हनुवटीवरचं खरकटं पुसलं आणि म्हणाली, "जाऊ द्या हो आई. कामात असेल ती."

"कामात म्हणे! तुला नाहीत का गं कामं?" म्हातारी म्हणाली, आणि पुढच्या घासासाठी तिने तोंड उघडलं.