जाड तारेची स्प्रिंग

लातूरला औसा रोडवर चन्नबसप्पा आणि गुरुपादप्पा यांचं डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं. दोघं एकाच उस्तादाकडे शिकलेले. चन्नबसप्पाचा हात लेथवर बसलेला, गुरुपादप्पाची जीभ गोड. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं गिऱ्हाईक सांभाळायचं, असं छान चाललं होतं.

त्र्याण्णवच्या भूकंपात चन्नबसप्पा किल्लारीजवळच्या आपल्या गावी होता. बायको, जगदेवी, दगडामातीखाली गेली. त्याला बाहेर काढलं तेव्हा डावा पाय मांडीपासून मोडला होता. आधी दवाखाना, मग पत्र्याची शेड, असे कितीतरी महिने गेले. उन्हाळ्यात तो कुबडी घेऊन लातूरला उतरला आणि गॅरेजच्या दारातच थबकला. समोरच्या भिंतीवर त्याचाच फोटो होता, हार घातलेला. एक जुना ट्रकवाला चहा पीत बसला होता. तो कप ठेवून उठला.

"तुम्ही गेलात म्हणून आम्ही इथं हात जोडून राहिलो की हो," तो म्हणाला.

गुरुपादप्पा आतून आला. "चन्ना, मी गावात जाऊन आलो होतो. घर सपाट झालेलं. मला वाटलं तू बी गेलास."

"दवाखान्यातून मी निरोप धाडला होता. मिळाला न्हाई?"

गुरुपादप्पा भिंतीवरचा फोटो उतरवायला वळला. निरोप मिळाला होता. पण तोवर जागेचा करार त्यानं एकट्याच्या नावावर करून घेतला होता आणि मेलेला भागीदार त्याला सोयीचा पडला होता.

चन्नबसप्पा भांडला नाही. तो नांदेडला आला, देगलूर नाक्याजवळ भाड्याच्या शेडमध्ये त्यानं लेथ टाकलं आणि टर्बोची कामं घ्यायला लागला. दुसरं लग्न त्यानं केलं नाही. मशीनवर वाकलेला असताना तो मनात एकच वाक्य घोटत असायचा. माझं मरण ह्यानं वापरलं.

पुढं लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं. नांदेडहून, हिमायतनगरहून, उमरीहून पोरं तिकडं जाऊ लागली. त्यांना नेण्याआणण्यासाठी क्लासवाल्यांनी टर्बोच्या जीपा घेतल्या आणि कुणाची जीप लवकर पोचते यावर त्यांच्यात चुरस लागली. त्यातून बूस्टच्या चावीला मागणी आली.

टर्बोतून इंजिनात दाबानं हवा जाते, त्यानं गाडीला जोर येतो. दाब फार वाढून इंजिन बिघडू नये म्हणून एक झडप असते. बारीक नळीतून दाब तिच्यापर्यंत पोचला की ती उघडते आणि टर्बोला आवरते. बूस्टची चावी त्या नळीत बसते आणि झडपेला फसवते. गुरुपादप्पा बसवायचा ती गळतीची चावी. ती नळीतली थोडी हवा बाहेर सोडते, झडपेला दाब कमी वाटतो, म्हणून ती उशिरा उघडते. गुरुपादप्पा तिची नळी लांबवून मूठ ड्रायव्हरच्या हाताशी द्यायचा. चन्नबसप्पा करायचा ती गोळी-स्प्रिंगची. तिच्यात स्प्रिंगनं दाबलेली पोलादी गोळी वाट अडवून बसते. ठरलेला दाब आला की गोळी सरकते, तोवर झडपेला काही कळतच नाही. त्यामुळं गाडी लगेच उचल खाते. पण सगळी मदार स्प्रिंगवर. स्प्रिंग कडक असली तर दाब कुठवर चढेल, ते मीटर लावल्याशिवाय कळत नाही.

गुरुपादप्पा मीटर लावत नसे. चावीच्या स्क्रूला आटे द्यायचे, कानानं ऐकायचं, झालं. चन्नबसप्पाला हे पक्कं ठाऊक होतं.

गळतीच्या चाव्यांना लोक कंटाळले तेव्हा लातूरच्या एका पार्टवाल्याचा फोन आला, गोळीवाल्या चाव्या पाहिजेत. कुणासाठी, असं चन्नबसप्पानं विचारलं. गुरुपादप्पाचं नाव ऐकून त्यानं किती पाहिजेत ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "धाडतो." त्या खेपेला त्यानं स्प्रिंगा जाड तारेच्या, जास्त कडक वळल्या. बाहेरून चावी नेहमीसारखीच.

उन्हाळा चढला तशा बातम्या येऊ लागल्या. गुरुपादप्पाकडं चावी बसवलेल्या गाड्या सुरुवातीला वाऱ्यासारख्या पळायच्या आणि मग कुणाच्या इंजिनाचं हेड गॅस्केट उडायचं, कुणाचा टर्बो फुटायचा. गॅरेजसमोर लोक शिव्या देत उभे राहायचे. नांदेडला येणारे ड्रायव्हर हे सांगायचे आणि चन्नबसप्पा त्यांना चहा पाजून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावायचा. त्या दिवसांत त्याला जेवण गोड लागत होतं.

एका दुपारी गुरुपादप्पा स्वतः शेडमध्ये आला. केस पांढरे झालेले. त्यानं उघडलेली चावी बाकड्यावर ठेवली.

"तुझाच हात हाय हा. मी ओळखतो."

"मेलेल्या माणसाला भेटायला कशाला आलास?"

"माझं जे व्हायचं ते झालं, गिऱ्हाईक तुटलं. पण क्लासची एक जीप अहमदपूरच्या अलीकडं बंद पडली. पोरं प्रवेश परीक्षेला निघाली होती. बाकीच्यांना येणाऱ्या गाड्यांत जागा मिळाली. एक पोरगी उशिरा पोचली, तिला आत घेतलं न्हाई. वर्ष गेलं तिचं." तो थांबला. "तसल्या चाव्यांच्या गाड्या अजून पळायल्यात. मी सांगितलं तर कुणी ऐकंना. तू चाव्या काढ."

चन्नबसप्पानं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तो पाने घेऊन लातूरला गेला. गाडी-गाडी शोधून त्यानं चाव्या काढल्या आणि प्रत्येक मालकाला स्वतःचं नाव सांगितलं. "भूकंपात मेलेला चन्नबसप्पा मीच. ही स्प्रिंग मी वळली. बसवली त्यानं, न मोजता." दोघांची अब्रू त्यानं एकदमच रस्त्यावर आणली. गुरुपादप्पाचं गॅरेज दिवाळीच्या आत बंद झालं.

मग तो हिमायतनगरला गेला. त्या मुलीचं, मनस्विनीचं, घर त्यानं शोधून काढलं. तिचे वडील हणमंतराव शाळेत शिक्षक होते. त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि भूकंपापासूनचं सगळं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मुलगी आतल्या दाराशी उभी होती.

"तुमचा राग मला समजला," हणमंतराव म्हणाले. "बायको गेली, वर मित्रानं असं केलं. तुमच्या जागी मीसुद्धा त्याला सोडलं नसतं."

चन्नबसप्पानं मान हलवली.

"आता माझा राग तुम्ही समजून घ्या. माझ्या लेकीनं तुमचं काय केलं होतं? नांदेडला गाड्या धाडणाऱ्या प्रत्येक क्लासवाल्याला मी सांगणार आहे, या माणसाला गाडी देऊ नका. तुम्ही माफी मागितलीत म्हणून थांबणार नाही."

"बरोबर हाय," चन्नबसप्पा म्हणाला आणि उठला.

मनस्विनीनं पुढच्या वर्षी परीक्षा दिली आणि तिला औरंगाबादला कॉलेजात प्रवेश मिळाला. तरी हणमंतरावांनी शब्द पाळला. क्लासच्या गाड्या शेडकडं फिरकेनाशा झाल्या. चन्नबसप्पा ट्रॅक्टरची आणि बोअरच्या मोटारींची कामं करू लागला. ओळखीतल्या कुणी मध्यस्थी करू का विचारलं, तर तो नको म्हणायचा. "त्यांचा हक्क हाय," एवढंच.

गुरुपादप्पाबद्दल मात्र त्याचं मन तसूभर हललं नाही. मागच्या साली गुरुपादप्पा वारला. त्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी, चन्नबसप्पाकडं काम शिकणारा, शेडमध्येच होतो. चन्नबसप्पानं शांतपणे ऐकून घेतलं, बरं म्हणाला, फोन खाली ठेवला आणि लेथ चालू केलं.

"जाणार न्हाई?" मी विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "त्या पोरीचं मला रोज वाईट वाटतं. ह्याचं न्हाई."